मागचं दार

अमरदीपची गाडी फाट्यावर आली तेव्हा जानराव सरकटे एका ट्रॅक्टरचा मडगार्ड सरळ करत होता. एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं बसगाड्यांच्या बॉडीचं काम करून तो निवृत्त झाला आणि मग आसेगाव फाट्यावर टिनाचं शेड टाकून बसला. आसपासच्या वीस गावांत कोणाच्या गाडीचा पत्रा वाकला की तो माणूस त्याच्याकडे येई. नावाने कोणी हाक मारत नसे. मिस्तरी म्हटलं की जानराव.

गाडी काळी, उंच, सात माणसांची होती. ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटलेली, तिथे प्लॅस्टिक चिकटवलेलं. दारावर तीन खोल पोचे. आतून पस्तिशीचा, अंगाने भरलेला एक माणूस उतरला. त्याने आधी मागे रस्त्याकडे पाहिलं, मग शेडकडे.

"जानराव मिस्तरी तुमीच का, काका?"

"मीच. बोला."

"मी अमरदीप. रिठदकडे आपलं गिट्टीचं क्रशर आहे. लोकं म्हणतात, पत्र्याच्या कामात तुमचा हात धरणारा कोणी नाही."

जानरावने पोच्यांवरून बोट फिरवलं. "गोटे मारले म्हणून सांगसान आता. पण हे सब्बलीचे घाव आहेत."

अमरदीप हसला. "तुमी त पोलिसांच्या वर निंगाले. धंद्यातली दुश्मनी आहे, दुसरं काय. परवा चौघांनी रस्ता अडवला. निसटलो, नाहीतर आज माह्या फोटोले हार असता. मले गाडी अशी करून द्या, की बाहेरून कोणाचा बाप आला तरी उघडली नाही पायजे."

शेडला लागूनच सेवालालचं चहाचं दुकान होतं. तो दोन कप घेऊन येता येता म्हणाला, "मंग रणगाडाच घ्या न भाऊ. बाजारात कोठीबी उभा करा, कोणी हटकत नाही."

अमरदीपने मोबाईलमध्ये यादी करून आणली होती. चारही दारांच्या आत पोलादी प्लेट. काचांच्या जागी पॉलिकार्बोनेटचं जाड पारदर्शक प्लॅस्टिक, तेही पक्कं बसवलेलं, खालीवर न होणारं. पुढे लोखंडी गार्ड. आत आग विझवायचा सिलिंडर, औषधांची पेटी, दोर, टॉर्च, पाण्याची कॅन आणि काच फोडायची एक लाल हातोडी. हातोडी त्याने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिली होती.

"ही हातोडी या काचेवर चालत नाही," जानराव म्हणाला. "हे फुटत नाही म्हणूनच बसवतात."

"असू द्या. दिसाले बरी दिसते."

"आन परवानगी लागते अशा कामाले."

"ते माह्यावर सोडा."

"मंग एक गोष्ट आयका. मागचं दार आतून उघडलं पायजे. बटनावर नाही, तारेवर. हँडल ओढलं की दार खुललं पायजे. तसं नसन त मी हात लावत नाही."

"कायले? मले कोणी आत येऊ द्यायचं नाही, आन तुमी दार उघडाची गोष्ट करून राह्यले."

"बाहेरच्यानं आत येऊ नये ते ठीक आहे. आतल्यानं बाहेर कोठून निंगाव?"

हे बोलताना त्याचा आवाज चढला. सेवालालने रिकामे कप उचलले आणि तो गुपचूप दुकानाकडे गेला. त्याला कारण माहीत होतं.

जानरावची बायको भागिरथा अकरा महिन्यांपूर्वी गेली होती.

निवृत्तीनंतर जानरावने भंगारातून एक जुनी व्हॅन उचलली आणि दोन महिने खपून ती नवी केली. रंग त्याने घरीच कालवला. थोडा लाल, थोडा पांढरा, डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा. तो ना लाल झाला ना गुलाबी. भागिरथा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा कोणता रंग म्हणावं? मसुरीच्या डाळीत बसून बाजारात जाऊ का मी?" पण पुढे तिनेच गावभर डाळीची गाडी, डाळीची गाडी म्हणून तिचं कौतुक केलं. त्या गाडीचं मागचं दार खडखडायचं आणि फटीतून धूळ आत यायची. भागिरथाला दमा होता. "सपनाचे बाबा, ते दार एकदाचं बंद करून टाका. माह्यानं श्वास घेनं होत नाही." सपना म्हणजे त्यांची मुलगी, वाशीमला नर्स होती.

जानरावने वेल्डिंगचे चार टाके मारून ते दार बुजवून टाकलं. चौतीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेली एकही बस संकटकालीन दार लाथ मारून उघडून पाहिल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. कार्यशाळेतले लोक त्याला हसायचे. दार लाथेने उघडलं नाही तर तो बस परत आत घ्यायला लावायचा, मग साहेब ओरडो की आणखी कोणी. त्याच माणसाने घरच्या गाडीचं दार पाच मिनिटांत बंद केलं, कारण ते खडखडत होतं.

मे महिन्यात भागिरथा मंगरूळपीरहून येत होती. गाडी भाचा राजू चालवत होता. नाल्याच्या पुलाजवळ मागून एक मोठी गाडी आली, ओलांडून जाताना घासली आणि व्हॅन नाल्यात जाऊन आडवी पडली. राजू बाहेर फेकला गेला. त्याची मांडी मोडली. भागिरथा आत राहिली. एका बाजूचं दार जमिनीखाली, दुसरं चेपलेलं, मागचं बुजवलेलं. लोक जमले, ओढू लागले. गावातून पहार येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

"आतून थापा येत होत्या, मामा," राजूने दवाखान्यात सांगितलं. "पह्यले जोरात. मंग हळूहळू."

जानराव पोचला तेव्हा तिला बाहेर काढून कडुनिंबाखाली ठेवलं होतं. थापा त्याने ऐकल्या नव्हत्या. अकरा महिने तो त्या थापांचा आवाज मनात आणायचा प्रयत्न करत होता. आवाज येत नव्हता. नुसते राजूचे शब्द येत होते.

ती मोठी गाडी कोणाची, ते कळलं नाही. राजूने वेदनेत एवढंच पाहिलं, की ती पुढे जाऊन थांबली, मागचे लाल दिवे लागले, आणि मग ती निघून गेली. पोलिसांनी अज्ञात वाहन असं लिहिलं. जानरावने फाट्यावर बसून येणारी प्रत्येक मोठी गाडी डोळ्यांनी तपासली. त्या माणसाचं काय करायचं, हे त्याने ठरवलं होतं. फक्त माणूस सापडायचा बाकी होता.

अमरदीपच्या गाडीचं काम सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी जानरावने पुढचा गार्ड बसवायला बंपर उतरवला. डाव्या बाजूचा फेंडर नवा होता. त्याने टिचकी मारून पाहिली. रंगही नंतरचा, घाईत मारलेला. आत वाकलेला पत्रा कोणीतरी ठोकून सरळ केला होता आणि वरून काळा रंग फासला होता. काम कच्चं होतं. पत्र्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात हात पोचला नव्हता. तिथे जानरावने टॉर्च मारला.

सांध्यात मसुरी रंगाचे पोपडे चिकटलेले होते.

त्याने चिमट्याने एक पोपडा काढला आणि शेडच्या मागे गेला. तिथे ताडपत्रीखाली व्हॅन उभी होती. पोलिसांनी सोडल्यावर ती त्याने इथे आणून ठेवली होती. त्याने ताडपत्रीचं टोक वर केलं आणि पोपडा तिच्या चेपलेल्या अंगाला लावून पाहिला. तोच रंग. कोणतीही कंपनी असा रंग बनवत नाही. तो जानरावने स्वतःच्या हाताने, डालड्याच्या रिकाम्या डब्यात कालवला होता.

तो तिथेच बसला. रडू आलं नाही. या माणसाने मला काका म्हटलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. अमरदीपला काही ठाऊकच नव्हतं. पेपरात चार ओळी आल्या होत्या, आसेगावची महिला ठार. ती कोण, तिच्या घरी कोण, हे त्याने विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर तो याच फाट्यावर, याच शेडमध्ये गाडी घेऊन आला नसता.

संध्याकाळी सपनाचा फोन आला. "बाबा, जेवले का?"

"जेवलो." चूल पेटली नव्हती.

"आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"काम चालू आहे. मोठं काम आहे."

पोलिसांत जायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण तिथे गेलं की तो माणूस वकील करेल, जामीन घेईल आणि पुन्हा त्याच रस्त्याने गाडी हाकेल. जानरावला ते पुरेसं वाटलं नाही. सांध्यातले पोपडे त्याने तसेच राहू दिले. त्यावर बंपर बसवला आणि कामाला लागला.

त्या गाडीवर त्याने जसं काम केलं तसं एसटीतही कधी केलं नव्हतं. प्लेट दाराच्या आत तंतोतंत बसवली. पॉलिकार्बोनेटच्या कडेने पट्ट्या मारल्या, स्क्रूची डोकी घासून सपाट केली, म्हणजे आतून पेचकस लागणार नाही. बाहेरून काही आत जाणार नाही, हे त्याने बघितलं. आणि आतून काही बाहेर जाणार नाही, हे त्याहून नीट बघितलं. मागच्या दाराचं हँडल तेवढं त्याच्या हातांनी सवयीने बनवलं. शेवटच्या सीटच्या मागे उजवीकडे, तारेवर चालणारं, लाल रंगवलेलं. ते काढून टाकायचं त्याच्या मनात दोनदा आलं. हात गेला नाही.

काम अर्धं झालं तेव्हा अमरदीप बघायला आला. शेडच्या मागे लघवीला गेला आणि परत येताना म्हणाला, "हे काय झाकून ठेवलं, काका?"

"जुनी गाडी आहे."

"भंगारात देऊन टाका न. जागा अडवून राह्यली."

"देईन. तिचं एक काम बाकी आहे."

अमरदीपने आपल्या गाडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "हे काय लाल बटबटीत? एसटी आहे का ही?"

"संकटाचं हँडल आहे."

"झाकून टाका राजेहो. वरून रेक्झिन मारा, एकदम गुळगुळीत. पाहुणे बसतात गाडीत, शोभत नाही."

आजवर असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला जानराव गाडी घेऊन जायला सांगत असे. एकदा त्याने एका ट्रॅव्हल्सवाल्याची बस अशीच अर्ध्यात परत पाठवली होती. सेवालालला ते माहीत होतं, म्हणून तो आता मजा पाहायला उभा राहिला.

"बरं," जानराव म्हणाला.

अमरदीप गेल्यावर सेवालाल जवळ आला. "मिस्तरी, तब्येत त बरी आहे न? तुमी आन बरं?"

"गिऱ्हाइकाची मर्जी."

"अरे वा. पश्चिमेकडून निंगाला वाटते आज दिवस."

जानरावने हँडलवर रेक्झिन दोन थरांत चिकटवलं आणि कडेने बारीक खिळे मारले. गाडी एक दिवस कुठेतरी उलटेल. आज नाही तर वर्षाने. हा ज्या वेगाने गाडी हाकतो, उलटेलच. तेव्हा लोक बाहेरून ओढतील आणि दारं उघडणार नाहीत. गाडीत आणखी कोण बसलेलं असेल, हा विचारही त्याला आला. त्याने तो बाजूला सारला आणि शेवटचा खिळा मारला.

गाडी न्यायला अमरदीप भर दुपारी आला. एप्रिलचं ऊन होतं. फाट्यावर बसची वाट पाहणारी आठ-दहा माणसं सेवालालच्या सावलीत उभी होती. गाडी अंगणात उन्हात होती. अमरदीपने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारावर मूठ हाणली आणि खूश झाला.

"काका, अशी नाही नेत मी. परीक्षा पायजे. मी आत बसतो, तुमी घण मारा. व्हिडिओ काढून स्टेटसले टाकतो. त्या चौघांनी पाह्यलं पायजे." त्याने आपला मोबाईल सेवालालच्या हातात दिला. "धर रे, नीट काढजो. माहा चेहरा आला पायजे."

"चेहऱ्याचं मी काय करू भाऊ, तो तुमच्या मायनं केला," सेवालाल म्हणाला. लोक हसले.

तोपर्यंत जानरावच्या मनात गाडी देऊन टाकायची आणि वाट पाहायची, एवढंच होतं. पण तो माणूस आपल्या पायांनी आत जाऊन बसला, चारही दारं लावून घेतली आणि आतून हाताने खूण केली, हाणा. वेल्डिंगसाठी बॅटरीची वायर काढलेली होती. एसी नाही, हॉर्न नाही. जानरावने कोपऱ्यातला घण उचलला.

पहिला घाव दाराच्या मधोमध घातला. प्लेट घुमली, पोचासुद्धा पडला नाही. आत अमरदीपने अंगठा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आनखी एक मिस्तरी! सासुरवाडीची गाडी समजा!"

कुठे मारलं की दार अडकतं, हे पत्र्याचं काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. कडीजवळच्या खांबाला घाव बसला की खांब सूतभर सरकतो, आणि इतकी जड प्लेट असलेलं दार चौकटीत गच्च बसतं. जानरावने चार दारांना चार घाव घातले. प्रत्येक घाव कडीजवळ. प्रत्येक घावाला लोक ओरडत होते आणि आत तो हसत होता. चौथ्या घावानंतर जानरावने घण खाली ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एकला दहा मिनिटं कमी होती.

"बस झालं काका," आतून दबका आवाज आला. अमरदीपने दाराची खटकी ओढली. दार हललं नाही. त्याने खांदा लावला. मग पलीकडच्या दाराकडे सरकला. मग मागच्या सीटच्या दारांकडे.

"अडकलं का काय?" एक जण म्हणाला.

जानराव शेडच्या मागे गेला आणि त्याने व्हॅनवरची ताडपत्री ओढून काढली. शेडच्या कडेने गाडीतून ती सरळ दिसत होती. चेपलेली, मसुरी रंगाची, एका बाजूने जमिनीत रुतलेली. तो परत आला आणि काचेला तोंड लावून म्हणाला, "ओळखतं का?"

अमरदीपने पाहिलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा बदलला.

"माही बायको होती तिच्यात. भागिरथा नाव होतं. तुह्या बंपरच्या आत तिच्या गाडीचा रंग आहे अजून."

फाट्यावरची माणसं पुढे सरकली. त्यातली अर्धी त्या दिवशी नाल्यावर गेलेली होती.

"मी थांबलो होतो!" अमरदीप आतून ओरडला. जाड काचेतून आवाज दुरून आल्यासारखा येत होता. "काका, आईची शपथ, मी थांबलो होतो!"

"थांबला होता," जानराव म्हणाला. "म्हंजे तू आयकल्या थापा. आयकून गेला."

त्याने एक रिकामा ऑइलचा डबा उलटा करून काचेसमोर ठेवला आणि त्यावर बसला. "चाळीस मिनिटं," तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

ऊन थेट टपावर होतं. आतल्या माणसाचा शर्ट पाच मिनिटांत भिजला. त्याने लाल हातोडी उचलली आणि काचेवर मारली. हातोडी उडून त्याच्याच कपाळाला लागली. पाण्याची कॅन सीलबंद होती. तिचं सील त्याने दाताने फोडलं आणि पाणी डोक्यावर ओतून घेतलं. हात जोडले. काहीतरी बोलत राहिला. स्वतःच झाकायला लावलेलं हँडल त्याला आठवलंच नाही.

"उघडा मिस्तरी," एक म्हातारा म्हणाला. "मरन तो."

"मरू द्या," दुसरा म्हणाला. "भागिरथाबाई मेली तवा कोणतं आभाळ पडलं?"

"तुमचं काय जाते बोलाले? जेलात मिस्तरी जाईन."

"जाईन मी," जानराव म्हणाला.

सेवालालच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता. हात खाली करायचं त्याला सुचलं नव्हतं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्तरी, पुरे. सपना काय म्हनन?"

जानरावने मनगट वळवलं. तो घड्याळाकडे पाहत होता. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. त्याला बरं वाटत होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी बरं वाटत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. आतला माणूस सीटवर आडवा झाला होता. ओरडणं थांबलं होतं.

मग थापा सुरू झाल्या.

अमरदीप उघड्या तळव्याने दारावर मारत होता. आधी जोरात. पोलादाच्या प्लेटवर हाताचा आवाज तसा मोठा येत नाही. जाड, आखूड येतो. थप. थप. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, पहिल्यापेक्षा हळू.

जानराव डब्यावरून उठला. हाच तो आवाज होता. राजूने सांगितलेला, आणि इतक्या दिवसांत मनात न आलेला. त्याला भागिरथाचा हात दिसला. बांगड्यांचा हात, भाकरी थापणारा. त्याने चार टाके मारून बंद केलेल्या दारावर पडणारा. ती मला हाक मारत होती, त्याला वाटलं. लोकांना नाही. दार मी बंद केलं होतं, हे तिला माहीत होतं, म्हणून ती मलाच हाक मारत होती.

थप.

त्याने कानांवर हात ठेवले. तरी आवाज आला.

"मागं जा!" तो काचेवर मुठी मारत ओरडला. "शेवटच्या सीटच्या मागं! उजवीकडे! रेक्झिन फाड! अबे फाड ते!"

आतला माणूस सरपटत मागे गेला. त्याला काही सापडेना. जानराव बाहेरून जागा दाखवत राहिला, खाली, आनखी खाली. खिळे निघेनात. अमरदीपने नखांनी आणि मग दातांनी रेक्झिन ओढलं. एक कोपरा सुटला. लाल हँडल दिसलं. त्याने दोन्ही हातांनी ते ओढलं आणि मागचं दार खट्टकन उघडलं. तो डोक्यावर मातीत पडला.

एक वाजून सोळा मिनिटं झाली होती.

सेवालालने तांब्याने पाणी पाजलं. लोकांनी उचलून सावलीत नेलं. त्याची पँट ओली झाली होती आणि बोटांतून रक्त येत होतं. जरा वेळाने त्याने जानरावकडे पाहून हात जोडले. "काका, तुमी वाचवलं मले."

"मी तुह्यासाठी नाही उघडलं," जानराव म्हणाला. "काका म्हनू नको."

पोलिसांना फोन सेवालालने केला, अमरदीपच्याच मोबाईलवरून. फौजदार वैजयंती मॅडम दोन शिपाई घेऊन आल्या. जानरावने स्वतः बंपर उतरवून सांध्यातला रंग दाखवला. पंचनामा झाला, रंगाचे पोपडे कागदी पाकिटात गेले. मोबाईलमध्ये सगळं होतं, अमरदीपचं "मी थांबलो होतो" तर स्पष्ट ऐकू येत होतं. अमरदीपला आधी दवाखान्यात आणि तिथून ठाण्यात नेलं. जानराव त्यांच्या मागोमाग ठाण्यात जाऊन बाकावर बसला.

"तुमी घरी जा काका, तुमचा जबाब उद्या घेऊ," मॅडम म्हणाल्या.

"आजच घ्या. मी त्याले कोंडलं. सव्वीस मिनिटं. दारं मीच अडकवली, घण मारून. लिवा."

सपना वाशीमहून ड्युटीच्या कपड्यांतच आली होती. ती बापाच्या खांद्यामागे उभी राहिली. "बाबा, वकील येऊ द्या. काही बोलू नका."

मॅडमनी कागद पुढे ओढला. "दारं घाव बसून आपोआप अडकली असतील. तसं होऊ शकते न?"

"होत नाही. मी चौतीस वर्षं हेच काम केलं."

"बरं. जीव घ्यायचा इरादा होता का?"

"बाबा," सपना म्हणाली.

"होता."

मॅडमनी पेन थांबवलं. "मग उघडलं कसं?"

जानरावने मान मागे वळवली. सपनाला तिच्या आईच्या थापांबद्दल त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि आता सांगणारही नव्हता. "ते नका लिवू," तो म्हणाला. "ते कोर्टाचं काम नाही."

"आणि आता? मनात राग आहे अजून?"

सपनाने त्याचा खांदा दाबला. काय उत्तर द्यायचं ते तिचा हात सांगत होता. जानरावने त्या हातावर आपला हात ठेवला आणि मॅडमकडे पाहिलं.

"आहे. तो सुटून आला न, तरी राहीन. जेलात गेला तरी राहीन. मी नाही माफ केलं त्याले."

"असंच लिहू?"

"असंच लिवा. खाली सही कोठी करा लागते, ते सांगा."